दोनशे पाच नंबरचा पेरू

सत्तावीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजतोय. भूकरमापक असं माझ्या पदाचं नाव आहे. गावोगावचे शेतकरी 'मोजणीवाले साहेब' म्हणतात. कर्जत तालुक्यात असा बांध नसेल, जिथे मी साखळी धरून उभा राहिलो नाही आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. शिव्या पुष्कळ खाल्ल्या, पण भीमराज मोजणीवाला दिशा चुकला असं आजवर कुणाला म्हणता आलेलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण ब्राझीलमध्ये जे झालं ते आमचा शेजारी गोरक्ष हल्ली चहाच्या हॉटेलात बसून आपल्या पद्धतीने सांगतो, आणि त्याच्या सांगण्यात दर खेपेला त्या टर्कीचं वजन किलोभर वाढतं.

सुरुवात एका पत्राने झाली. आमची एकुलती एक दीपा ब्राझीलच्या राजधानीत, ब्रासिलियाला असते. तिचे यजमान पंकजराव तिथल्या आपल्या वकिलातीत सहायक आहेत. पत्रात गोड बातमी होती. माझ्या बायकोने, मुक्ताने, ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, डोळे पुसले आणि जाहीर केलं की पहिलं बाळंतपण माहेरीच होणार. पुढच्या पत्रात कळलं की दीपाचा रक्तदाब वाढतोय आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलंय. मला वाटलं, विषय मिटला. मुक्ता बराच वेळ मेथी निवडत बसली आणि मग म्हणाली, "पोरीला माहेरी येता येत न्हाई ना? मंग माहेर तिकडं न्यायचं."

माहेर ही स्थावर मालमत्ता आहे, अशी माझी तोवर समजूत होती.

तिकिटं जावयाने पाठवली. सासऱ्याने जावयाच्या तिकिटावर प्रवास करावा की नाही यावर आमच्या आळीत आठ दिवस चर्चा चालली होती. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असंही एका म्हातारीने बजावलं. मूल होईपर्यंत दोन महिने पाण्याशिवाय कसं राहायचं ते तिने सांगितलं नाही. गोरक्षचा सल्ला मात्र भूगोलाचा होता. गोरक्ष सातवी शिकलेला, डेअरीत दूध मोजतो. तो म्हणाला, "दादा, ब्राझील पृथ्वीच्या खालच्या अंगाला हाय. आपला उन्हाळा तवा त्यांचा हिवाळा. तिथं समदं उलटं. सूर्य बी उलट्याच अंगानं फिरत आसंल, तेवढं ध्यानात ठिवा." मी हसलो. सूर्य सगळ्या जगात पूर्वेलाच उगवतो आणि पश्चिमेलाच मावळतो, हे मी त्याला त्याच्याच घरातलं लिंबू आणि माझी बॅटरी घेऊन समजावून दिलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि लिंबू परत मागितलं.

रजेच्या अर्जात कारणाचा एक रकाना असतो. मी खरा माणूस, मी लिहिलं, 'बाळंतपण'. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. वर शेरा होता: 'सेवापुस्तकावरून अर्जदार पुरुष असल्याचे दिसते. खुलासा करावा.' मी खुलासा केला की बाळंतपण मुलीचं आहे. पुन्हा शेरा आला: 'बाळंतपण मुलीचे व मुलीच्या गावी असल्यास तेथे अर्जदाराचे काम काय?' खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही पडला होता, पण तो मुक्ताला विचारायची सोय नव्हती. शेवटी मी 'घरगुती कारण' असं लिहिलं आणि रजा दोन दिवसांत मंजूर झाली. त्या दिवसापासून मी सरकारी कागदावर खरं फार लिहीत नाही.

पासपोर्टाची तऱ्हा वेगळीच. महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत. एक आमचं, कोरडं. आणि एक मुंबईकडचं, डोंगर-धबधब्यांचं. जगाला दुसरंच माहीत. माझ्या चौकशीचे कागद त्या कर्जतला गेले. तिथे कुणी बिचारा महिनाभर मला शोधत होता, आणि शेवटी त्याने 'सदर इसम या गावी राहत नाही व त्यास कोणी ओळखत नाही' असा अगदी प्रामाणिक शेरा मारला. मी आहे, राहतो आणि मला लोक ओळखतात, हे सिद्ध करायला मला सहा फेऱ्या माराव्या लागल्या. एकाच नावाची दोन ठिकाणं असली की माणसाचं काय होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बॅगा मुक्ताने भरल्या. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, वावडिंग, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, बाबासाहेबांचा चौकटीतला फोटो. मी माझं पितळी होकायंत्र हातरुमालात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं होतं. ते तिने काढून कपाटात टाकलं आणि त्या जागी खारीक कोंबली. तिथे तुम्हाला कुणाची जमीन मोजायची आहे, असं तिचं म्हणणं. दिशा मला सूर्यावरून कळते, त्यासाठी यंत्र लागत नाही, असं मीच तिला ऐटीत सांगितलं. हे वाक्य तिने अजून जपून ठेवलं आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ब्रासिलियाला उतरलो आणि खरं सांगतो, पहिल्या दिवशी मला गहिवरून आलं. आमच्याकडे आधी घर, मग भांडण आणि मग मोजणी असा क्रम असतो. हे शहर आधी कागदावर आखलं, मोजलं आणि मग बांधलं. नकाशात ते पंख पसरलेल्या विमानासारखं दिसतं. एक पंख उत्तरेला, एक दक्षिणेला आणि मधोमध बसस्टँड. पंखांवर सारख्या आकाराच्या चौकोनी वस्त्या, आणि वस्त्यांना नावं नाहीत, नंबर. दीपाचं घर दक्षिण पंखावर होतं: एस क्यू एस २०५, ब्लॉक एच, तिसरा मजला, घर ३०४. मला गट नंबर वाचल्यासारखं वाटलं. अख्खं शहर माझ्यासारख्या माणसासाठी बांधलंय आणि इथल्या लोकांना त्याची किंमत नाही, असं मी पंकजरावांना म्हणालो. ते हसून म्हणाले, "मामा, एकदा एकटे फिरून बघा."

दुसऱ्या दिवसापासून माझं मत बदलायला लागलं. त्या शहराला कोपरेच नाहीत. कोपरा नाही म्हणून टपरी नाही, टपरी नाही म्हणून उभा माणूस नाही, आणि उभा माणूस नाही तर रस्ता विचारायचा कुणाला? सगळे आपले मोटारीत. हॉटेलं एका वस्तीत, बँका एका वस्तीत, दवाखाने तिसरीकडे. आणि वस्त्या तर एकीसारखी दुसरी: तेच सहा मजले, तेच खांब, खाली तीच मोकळी जागा, तीच आंब्याची झाडं. आंब्याच्या झाडाजवळचं घर म्हणावं तर प्रत्येक घर आंब्याच्या झाडाजवळ.

भाषेचं मात्र मी पटकन जमवलं. तिथे पोर्तुगीज बोलतात, आणि पोर्तुगिजांनी आपल्याकडे येऊन जाताना बरेच शब्द विसरून ठेवलेत. पावाला ते जवळजवळ पावच म्हणतात, बटाट्याला बटाटा, साबणालाही तसंच काहीतरी. काजू म्हटलं की कळतं. चार दिवसांत मी जिन्यावर भेटणाऱ्या माणसांना "पाव, बटाटा" असं म्हणून दाखवू लागलो. ते खूश व्हायचे. मुक्ता म्हणायची, लोक हसत्यात तुमाला. मला वाटायचं, कौतुक करताहेत.

आता दाराचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथे आहे. त्या घराच्या दाराला असं कुलूप होतं की बाहेरून किल्ली फिरवली तर आतल्यालाही किल्लीशिवाय उघडता येत नाही. किल्ल्या दोन. एक पंकजरावांच्या खिशात, एक दाराशेजारच्या खिळ्याला. पंकजरावांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मामा, बाहेर जाताना दार नुसतं ओढून घ्या, किल्ली फिरवू नका. मी ऐकलं होतं. ऐकणं आणि लक्षात राहणं यात फरक असतो, हे कोणताही नवरा सांगेल.

दीपाला नववा लागून बरेच दिवस झाले होते. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला आठ दिवस होते. त्या सकाळी ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि मला म्हणाली, "आबा, पेरू खावासा वाटतोय. मीठ-तिखट लावून." नऊ महिन्यांत लेकीने माझ्याकडे मागितलेली ही एकुलती एक गोष्ट. पंकजराव दिल्लीहून येणाऱ्या पाहुण्यांना घ्यायला पहाटेच विमानतळावर गेले होते. मुक्ता म्हणाली, जावईबापू संध्याकाळी आले की आणतील, तुम्ही बसा. ते 'तुम्ही बसा' मला लागलं. ज्याने अख्खा तालुका पायी तुडवला त्याला लेकीसाठी एक पेरू आणता येऊ नये?

मुक्ता न्हाणीघरात गेली, दीपाचा डोळा लागला. मी खिळ्यावरची किल्ली घेतली आणि हळूच बाहेर पडलो. परक्या मुलखात दोन बायका घरात, एक झोपलेली आणि एक अंघोळीला, दार उघडं कसं टाकायचं? मी कर्जतला करतो तसंच केलं. किल्ली दोनदा फिरवली, दार ओढून पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली.

बसने स्टँडवर जाणं सोपं होतं, कारण सगळ्या बसेस तिथेच जातात. स्टँडपलीकडे बाजार भरला होता. आमच्याकडच्या काष्टीच्या बाजारासारखाच गलका ऐकून मला माणसांत आल्यासारखं वाटलं. भाज्या होत्या, फळं होती, पण पेरू दिसेना. एका टोपीवाल्या माणसाजवळ गेलो आणि मोठ्याने म्हणालो, "पेरू."

त्याचा चेहरा उजळला. "पेरू?" तो म्हणाला. एवढ्या लांब येऊन आपल्या शब्दाला ओळख मिळाली म्हणून माझाही उजळला. मग त्याने काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं ते असं: "व्हय?"

पृथ्वीच्या खालच्या अंगाला मला कुणीतरी 'व्हय' विचारत होतं. ऑफिसात मी 'होय' म्हणतो, पण बालपण व्हय-न्हाईतच गेलं. मी दोनदा म्हणालो, "व्हय, व्हय."

तो गाडीमागे गेला आणि परत आला तो हातात एक पक्षी घेऊन. कोंबडीच्या चौपट मोठा, काळा, गळ्याशी लाल कातडं लोंबणारा आणि माझ्याकडे रागाने बघणारा. तिथल्या भाषेत पेरू म्हणजे टर्की, आणि तो जे विचारत होता ते 'विवू', म्हणजे जिवंत हवी का, हे मला त्या दिवशी संध्याकाळी पंकजरावांनी सांगितलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की त्याने पक्ष्याचे पाय सुतळीने बांधले आणि तो माझ्या काखेत दिला. मी नको म्हणून हात जोडायला गेलो, पण काखेत टर्की असताना हात जोडले तर ते फार मनापासून आभार मानल्यासारखे दिसतात. त्यानेही छातीवर हात ठेवला. भोवती चार माणसं जमली होती, त्यातल्या एकाने टर्कीची मांडी चाचपून मला शाबासकी दिली. मी पैसे देऊन निघालो. भर बाजारात सरकारी माणसाने घेतलेला माल परत करायचा, हे मला जमलं नाही.

बसवाल्याने टर्कीकडे बोट दाखवून दार लावून घेतलं. दुसऱ्यानेही तेच केलं. मग मी तिला एका झाडाखाली ठेवून शांतपणे चालू लागलो. वीस पावलं गेलो असेन, तर एक सज्जन बाई धापा टाकत मागून आली आणि विसरलेली टर्की माझ्या हवाली करून गेली. एकूण, पायी जायचं ठरलं.

इथे मी माझी विद्या वापरली. बारा वाजले होते, ऊन स्वच्छ होतं. हवेत गारवा, म्हणजे हिवाळा. हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, सावली उत्तरेला पडते, हे नव्या मोजणीदारालाही पाठ असतं. मला दक्षिण पंखावर जायचं होतं. सूर्य तोंडावर घेतला आणि चालू लागलो. गोरक्षची आठवण आली नाही. आली असती तरी मी तिला महत्त्व दिलं नसतं.

रस्ता असा की तो ओलांडायला जमिनीखालून भुयारातून जावं लागतं. टर्की भुयारात ओरडली आणि तो आवाज चारी बाजूंनी परत आला. पण मोजणी बरोबर चालली होती: २०२, २०३, २०४, आणि पुढे पाटी, एस क्यू एन २०५. एन म्हणजे नंबर, मी म्हटलं. सकाळी जे डावीकडे होतं ते आता उजवीकडे दिसत होतं, पण मी उलट बाजूने आलो होतो, तेव्हा ते तसंच दिसणार. ब्लॉक एच होता. आंबा होता. खाली खुर्चीत दारवान डुलकी घेत होता. तिसरा मजला, ३०४. एकही गोष्ट चुकीची नव्हती.

किल्ली आत गेली, पण फिरेना. मी जोर लावला. दुसऱ्या हातातून टर्की निसटली आणि जिन्यात फडफडली. मी दारावर थाप मारून हाक मारली, "मुक्ता, अगं बघ जरा, कुलूप बिघडलंय." आतून पावलं वाजली आणि दार उघडलं. समोर एक पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली बाई उभी होती.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की मी नसताना दीपाचे दिवस भरले आणि ही सुईण आली. मी घाबरून तिच्या बाजूने आत शिरलो. दिवाणखाना तसाच, खिडकी तशीच, पण खुर्च्या दुसऱ्या. आणि जिथे बाबासाहेबांचा फोटो होता तिथे एका मिशीवाल्या गृहस्थांचा फोटो. हे दोनशे पाच नंबर होतं, पण माझं नव्हतं.

बाई ओरडली नाही, हे तिचे उपकार. तिने आधी मला बसवलं, मग जिन्यातली टर्की आणून न्हाणीघरात सोडली, मग पाणी दिलं. मी ते प्यालो. छातीवर बोट ठेवून म्हणाली, "जुरेमा." मीही छातीवर बोट ठेवून म्हणालो, "भीमराज." खिशातून पत्त्याचा कागद काढून दिला. तिने चष्मा वर केला, कागदावरच्या शेवटच्या एसवर बोट ठेवलं, मग खिडकीबाहेर, मी जिथून आलो त्या दिशेला हात केला. मग स्वतःकडे बोट करून म्हणाली, "नोर्ची." पाटीवरचा एन म्हणजे नंबर नव्हे, नोर्ची, उत्तर. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत हद्दीच्या भांडणात मी नेहमी निकाल देणारा होतो. पहिल्यांदाच माझ्याविरुद्ध निकाल लागला, आणि तो एका शब्दात लागला.

कागदावर घरचा फोन नंबर होता. तिने तो फिरवून रिसीव्हर माझ्या हातात दिला. मुक्ताचा आवाज इतका मोठा होता की जुरेमाबाई दोन पावलं मागे सरकल्या.

"अवो, कुठं हाय तुमी? पोरीला कळा सुरू झाल्यात. दार तुमी लावून गेलात आन् चावी तुमच्या खिशात. चावी घिऊन या आदी. चावी, चावी."

त्या क्षणी माझं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. लेक आत अडली होती आणि तिचं कुलूप माझ्या खिशात होतं. वकिलातीत फोन झाला होता, पण पंकजराव विमानतळावर. तिकडचा दारवान कुलूपवाला शोधायला गेला होता, आणि कुलूपवाल्यांची वस्ती कुठे असते कुणास ठाऊक. मी जुरेमाबाईंना "किल्ली, किल्ली" असं म्हणत किल्ली दाखवली, मग इंग्रजीत सांगितलं, मग पोटावर हात धरून कळा दाखवल्या. त्यांना वाटलं माझंच पोट दुखतंय. त्यांनी औषधाची बाटली आणली.

फोनमधून मुक्ता अजून ओरडतच होती: "चावी, चावी."

जुरेमाबाईंनी मान वळवली. "शावी?" त्या म्हणाल्या. माझ्या हातातल्या किल्लीकडे बघितलं. "शावी?"

ऑफिसच्या सवयीने मी आयुष्यभर किल्ली म्हणत आलो. चावी हा अडाणी शब्द आहे असं मी मुक्ताला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सुनावलं होतं. तिने माझं ऐकलं नाही, हे किती बरं झालं. "चावी," मी म्हणालो. पोटावर मोठा गोल काढला, त्यावर चावी ठेवली, दार लावून घेतल्याची खूण केली आणि मला रडू आलं. ते बाईंना कळलं. रडू सगळीकडे कळतं. त्यांनी गाडीची चावी उचलली, न्हाणीघरातून टर्की काढून, ती माझी मालमत्ता म्हणून, माझ्या कुशीत दिली, आणि आम्ही धावत खाली आलो.

त्यांची गाडी जुनी, बुटकी होती, पण चालवणारी बाई सत्तरीची असून मला जामखेडच्या घाटातले ट्रकवाले आठवले. सूर्य आता पाठीमागे होता; पृथ्वीच्या या अंगाला तो हिवाळ्यात दुपारी उत्तरेला कलतो, हे मला तेव्हा उमगलं. उत्तर पंख, स्टँड, दक्षिण पंख, दोनशे दोन. पुढे मी डोळे मिटून घेतले. मोजणी करायची नाही असं ठरवलं होतं.

मी दार उघडलं तेव्हा मुक्ता दारातच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, टर्कीकडे बघितलं आणि दारातली किल्ली काढून स्वतःच्या कनवटीला खोचली. तीस वर्षांच्या संसारात तिची नजर मला एवढी कधी लागली नव्हती. दीपाचा चेहरा पांढरा पडला होता. आम्ही तिला धरून खाली आणलं, ती आणि मुक्ता मागे बसल्या, मी टर्की घेऊन पुढे. गाडी दवाखान्यांच्या वस्तीकडे निघाली. दोन कळांच्या मधे दीपाने विचारलं, "आबा, हे काय?"

"पेरू," मी म्हणालो.

ती हसली. मग कळ आली आणि रडली, मग पुन्हा हसली. मुक्ता मात्र खिडकीबाहेर बघत होती.

पाऊण तासात दीपाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. रक्तदाब फार चढला होता, आणखी अर्धा तास गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरांनी विमानतळावरून धावत आलेल्या पंकजरावांना सांगितलं, आणि पंकजरावांनी ते मला सांगितलं नाही, मुक्ताला सांगितलं. मुक्ताने मला सांगितलं. मी दवाखान्याच्या ओसरीत बाकावर बसून होतो. लोकांच्या हद्दी ठरवणारा मी, माझ्याच लेकीला कुलूप लावून तिच्या जिवाची हद्द बघून आलो होतो. त्या बाकावर मी खूप रडलो. जुरेमाबाई शेजारी बसून माझ्या हातावर थोपटत होत्या. टर्की दोघांच्या मधे होती. संध्याकाळी जाताना त्यांनी ती नेली. पुढे तिचं काय झालं ते मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी जुरेमाबाई घरी आल्या त्या टोपलीभर पेरू घेऊन. खरे पेरू, आतून गुलाबी. त्यांचं तिथलं नाव 'गोयाबा', ते मी वहीत लिहून ठेवलं. दीपाने मीठ-तिखट लावून अर्धा खाल्ला, बाळंतिणीला जास्त नको म्हणून मुक्ताने उरलेले उचलून ठेवले. त्यातला एक तिने कापून माझ्यापुढे ठेवला. तोवर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मला वाटतं तो पेरू म्हणजे तिचा शेरा होता, माफीचा.

बारशाला आम्ही सहाच माणसं, जुरेमाबाई आणि बाळ धरून. मी तीन नावं काढून ठेवली होती, मोठी, संस्कृत. मुक्ताने ती ऐकूनही घेतली नाहीत. पाळण्यावर वाकून ती म्हणाली, "दिशा ठिवायचं नाव. म्हंजी ह्येंला जन्मभर दिशा, दिशा म्हणत हाका मारत फिरावं लागंल." पंकजराव तोंड फिरवून हसले. दीपा उघड हसली. नाव चांगलं होतं, हेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मुक्ताने सांगितलं, पोरीला जरा कोवळ्या उन्हात धरा. मी दिशाला घेऊन उभा राहिलो. दोन खिडक्या होत्या. मूठभर जीव, डोळे मिटलेले, मूठ माझ्या बोटाला धरलेली. उन्हाची खिडकी कुठली ते मला दिसत होतं, माझी खात्रीही होती. तरी मी पंकजरावांना हाक मारली आणि विचारून घेतलं.

"उत्तरेची, मामा," ते म्हणाले.

मी तिला उत्तरेच्या खिडकीशी नेलं.